अन्नपूर्णाबाईंनी ठेवलेलं परस्थान

चिखली मागं पडली तेव्हा मी अर्पिताला म्हटलं, "कागद दाखव. शेवटचं."

"ताई, घरी दाखवले ना!"

"घरी तू पिशवी दाखवलीस. उघड."

तिनं तोंड वाकडं करत पिशवी मांडीवर उघडली. मद्रासपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, तिथून नागपट्टिनमचं, मग बोटीचं. श्रीलंकेच्या व्हिसाचा कागद. जाफन्याच्या नाट्यशिबिराचं बोलावणं. पासपोर्टच्या झेरॉक्स. पासपोर्ट मात्र नाही.

अर्पितानं पिशवी उलटी केली, झटकली. एक सेफ्टी पिन तेवढी पडली.

"आई," ती म्हणाली, "पासपोर्ट कुठी हाये?"

अन्नपूर्णाबाई खिडकीतून कोणाच्या तरी वावरातला हरभरा पाहत होत्या. दुसऱ्याचं पीक पाहताना त्यांचं तोंड हमेशा परीक्षा घेणाऱ्या बाईसारखं होतं. त्यांनी मानही वळवली नाही.

"हाये ना. सिंधीच्या घरी. परस्थानात."

काळीपिवळी चालवणाऱ्या दीपकनं ब्रेकच मारला. गाडी मागच्या ट्रॅक्टरच्या शिव्या खात कडेला थांबली.

परस्थान म्हणजे काय ते आमच्याकडं सांगावं लागत नाही, पण सांगते. निघायच्या दिवशी मुहूर्त वाईट असेल, तर त्याआधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं घराबाहेर, गावाच्या शिवेपलीकडं, नात्यातल्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, एखादं कापड. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो खरोखर निघतो तेव्हा वाटेत स्वतःच्या हातानं ते उचलतो आणि पुढं जातो. गाठोडं परत घरी आणायचं नसतं, आणि त्या माणसाला कोणी माघारी बोलवायचं नसतं.

आजची अमावस्या. म्हणून अन्नपूर्णाबाईंनी चार दिवस आधीच परस्थान देऊळघाटला, धाकट्या बहिणीकडं, सिंधूताईंकडं, ठेवून दिलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. त्यात पासपोर्ट आहे, हे ठाऊक नव्हतं.

"परस्थानात पासपोर्ट कोण ठेवते, आई?"

"मंग काय ठेवतेत? ज्याच्याबिगर जाता येत नाही तेच ठेवा लागते ना. लुगडं काय, कुठीबी भेटते." आता त्या वळल्या. "आन् चिल्लावून नको राहू. देऊळघाट वाटंवरच हाये, मी दीपकले सकाळीच सांगून ठेवलं."

"वाटंवर नाही काकू," दीपक म्हणाला. "बुलडाण्याहून आत जा लागते. मले वाटलं तुमाले बहिणीच्या हातचा चहा प्याचा हाये."

मलकापूरला गाडी जेमतेम टेकते. प्रज्वल आणि काजल, अर्पिताचे दोघे जोडीदार, फलाटावर आधीच पोचले होते. ही गाडी चुकली तर मद्रासहून पुढची चुकते, ती चुकली तर बोट, आणि बोट काही एसटी नाही की मागून दुसरी येईल. समुद्र खवळला म्हणून बोटवाल्यांनी एकदा तारीख पुढं ढकललीच होती. आता आजची तारीख गेली तर शिबिरातली जागा दुसऱ्याची.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण येत्या रविवारी साखरखेर्ड्याचे पाहुणे अर्पिताला पाहायला येणार होते. अर्पिताचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका कारभारीभाऊ, यांनी ते ठरवलं होतं आणि घरात सांगून टाकलं होतं: "पोरगी गेली तर गेली. नाही जमलं, तर रविवारी साडी नेसून बसन. मंग मले कोणी काही सांगायचं नाही."

"दीपक," मी म्हटलं, "देऊळघाट."

"पकडा घट्ट," तो म्हणाला.

*

अन्नपूर्णाबाई कधी लांब गेल्या नव्हत्या. शेगाव आणि माहेर, संपलं. अमडापूरच्या मळ्यात मेथी, वांगी, मिरची. आठवडी बाजारात ठरलेली जागा. आणि एवढ्या मोठ्या घरात सगळ्यांत धाकट्या सुनेची जागा, म्हणजे चुलीच्या बाजूला. नवरा रंगराव मवाळ माणूस. निर्णय थोरले कारभारीभाऊ घेत.

मी अर्पिताच्या कॉलेजात नाटक बसवायला जाते. जाफन्याच्या एका गटानं शेजारच्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिबिर ठेवलं होतं: राहणं-जेवण त्यांचं, येणं ज्याचं त्यानं. विमानाचं नाव कोणाच्या घरी निघण्यासारखं नव्हतं. मी स्वतः मागच्या साली रेल्वे-बोटीनं जाऊन आले होते, म्हणून समजावायला त्यांच्या घरी गेले. सगळे ओसरीवर बसले. मी जमिनीवर बोटानं नकाशा काढला. अन्नपूर्णाबाई आत चुलीशी, दाराआडून ऐकत.

कारभारीभाऊंनी एकच प्रश्न विचारला. "समुद्रापल्याड पोरीचं काय काम?"

मग सगळे उठून गेल्यावर अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"हे लंका तर दक्षिणेले हाये म्हंतेस. मंग मलकापूरले काऊन जाता? ते तर वरतं हाये."

"रेल्वे तिकडून आहे काकू. आधी वर, मग खाली."

"मद्रासले टेसन बदला लागते म्हणालीस. चालत का गाडीनं?"

"दोन्ही जमतं. सामान कमी असेल तर."

"बोटीत सामान किती चालते?"

बोटीत फुकट नेता येतं ते वजन मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि भाजी तोलायचा ताणकाटा घेऊन आल्या. अर्पिताची बॅग आढ्याला टांगली, काटा पाहिला आणि एक एक कपडा काढायला लागल्या. अर्पिता ओरडत होती, "आई, तो नको काढू! माहा कॉश्चुम हाये!" आणि त्या काट्याकडं बघत, "मंग चटणी कमी करू काय? चटणी कमी नाही करत मी."

"भाकर किती दिवस टिकन?"

"दशम्या करा काकू. दोन दिवस टिकतील."

"बोट हालते काय?"

"हालते."

"लय?"

"पोट्टे ओकले होते आमच्या वेळी."

त्यांनी ताणकाटा आढ्यावरून सोडवला. मग म्हणाल्या, "आवळासुपारी देतो."

जा म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कारभारीभाऊंनी पंचांग काढून निघायच्या दिवशी अमावस्या असल्याचं जाहीर केलं. त्यावर घरात कोणी बोललं नाही. अन्नपूर्णाबाई तेव्हाही नाही. फक्त त्याच पंचांगात चांगला दिवस पाहून त्या बहिणीकडं गाठोडं ठेवून आल्या.

*

देऊळघाटला सिंधूताईंच्या दाराला कुलूप.

अर्पितानं कडी आपटली. मी फोन लावला. आतून, बंद दारापलीकडून, फोनची रिंग ऐकू आली. आम्ही सगळे त्या दाराकडं पाहत उभे राहिलो आणि फोन आत वाजत राहिला.

शेजारच्या रुखमाबाई निवडायचं सूप घेऊन बाहेर आल्या. "कोण व? अन्नपूर्णा काय? सिंधी तर गेली लग्नाले. फोन चार्जिंगले लावून इसरली."

"आक्का, माह्या पोरीचं गाठोडं होतं तिच्याकडं..."

"परस्थान ना? ते कालच गेलं."

"गेलं? कुठी गेलं?"

"अव, एका घरात तीन राती झाल्या. तीन रातीच्या वर एका जागी ठेवतेत काय? पुढं सरकवा लागते ना. इथून पुढं, तुमच्याच वाटंवर." रुखमाबाईंनी सूप कमरेवर घेतलं. "मोताळ्याले ठेवलं म्हणत होती, तुमच्या कोकिळेकडं."

अर्पिता ओट्यावर बसली.

सिंधूताईंचं काहीच चुकलं नव्हतं. रीत जशी सांगते तशी त्यांनी केली. मोताळा खरंच आमच्या वाटेवर होता, देऊळघाटपेक्षा सोयीचा. फक्त कोकिळा कारभारीभाऊंची लेक.

"तर काय झालं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "कोकिळीचा नंबर घेऊ. लाव ना त्याईले फोन, दीपक."

दीपकनं रंगरावांना फोन लावून स्पीकरवर टाकला. रंगराव फोनवर नेहमी असं बोलतात जसं की माणूस विहिरीच्या पल्याड उभा आहे.

"हालो! बसली काय पोरगी गाडीत?"

"आयका, हळू बोला. कोकिळीचा नंबर सांगा."

"काऊन?"

"परस्थान तिच्याकडं गेलं. त्यात पासपोट हाये. हळू बोला म्हंतो..."

"पासपोट परस्थानात?" रंगरावांनी एवढ्या जोरात विचारलं की रुखमाबाई दचकल्या. "आन् परस्थान कोकिळीकडं?"

मागून, जरा लांबून, कारभारीभाऊंचा आवाज आला. शांत आवाज. "काय म्हंतेत?"

अन्नपूर्णाबाईंनी दीपकच्या हातातून फोन घेतला.

"नंबर सांगा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. रंगरावांनी या वेळी अगदी हळू सांगितला.

आम्ही गाडीत बसता बसता लावला. एंगेज. बुलडाण्याच्या चौकात लावला. एंगेज. पलीकडं कोण बोलतंय हे चौघांनाही कळलं होतं. राजूरच्या घाटात रेंज गेली. दीपकनं उतारावर गाडी अशी सोडली की अर्पितानं डोळे मिटून घेतले. प्रज्वलचा मेसेज घाट उतरल्यावर आला. मी मोठ्यानं वाचला: "ताई, गाडी राइट टाईम दाखवून राह्यली. रोज लेट असते, आजच काय झालं हिले."

"हिच्या मायले," दीपक म्हणाला, आणि अन्नपूर्णाबाई शेजारी आहेत हे आठवून, "माफ करा काकू."

"तू गाडी पाह्य."

अर्पिता एकाएकी बोलायला लागली. "तुले कोणी सांगतलं होतं आई? कपाटात होता ना पासपोर्ट. नीट होता. तुह्या या रीतीभातीपायी मी आता रविवारी..."

"कपाटाची किल्ली कोणाकडं राह्यते?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटाची किल्ली कारभारीभाऊंच्या करदोट्याला बांधलेली असते.

"मागच्या साली," त्या पुढं म्हणाल्या, रस्त्याकडं पाहत, "कोकिळीच्या नर्सिंगचा फॉरम त्याच कपाटात राह्यला. तारीख निघून गेली. कोणी मुद्दाम ठेवला असं मी नाही म्हणत. राह्यला." मग आवाज नेहमीसारखा. "म्हणून, कपाट उघडं दिसलं तवा, घराबाहेर काढला. घराबाहेर ठेवायची दुसरी कोणती रीत मले येते?"

*

मोताळ्यात कोकिळेचं घर गल्लीच्या तोंडाशी. दीपकनं इंजिन चालूच ठेवलं.

कोकिळा दारातच उभी होती, फोन कानाला. जेमतेम अर्पिताएवढी, गळ्यात मंगळसूत्र नवं. ओसरीवर तिच्या सासू जनकाबाई तूर पाखडत बसलेल्या. आत, धान्याच्या कोठीवर, लाल फडक्यातलं गाठोडं दिसत होतं. दारातून चार पावलांवर.

अर्पिता आत शिरायला गेली. कोकिळेनं हात आडवा केला नाही, पण बाजूलाही झाली नाही.

"काकू," ती म्हणाली, "बाबा लाईनवर हायेत. म्हंतेत, देऊ नको."

जनकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आमच्या घरात भांडण नको हो. तुमचं तुमच्या गावात."

"कोकिळे, गाडी सुटून जाईन!" अर्पिता रडायच्या बेतात. "दे ना बे!"

अन्नपूर्णाबाईंनी कोकिळेपुढं हात पसरला. गाठोड्यासाठी नाही, फोनसाठी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. समोरून जायचं तर डोक्यावर पदर. काही सांगायचं असेल तर मध्ये कोणीतरी लागतं, लेकरू, नवरा, नाहीतर भिंत: "सांगा त्याईले, भाकर वाढली." पंचवीस वर्षं अन्नपूर्णाबाई भिंतीशी बोलल्या होत्या.

कोकिळेनं फोन दिला. अन्नपूर्णाबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला, फोनवरच्या माणसासाठी. मग बोलल्या.

"भाऊजी, मी अन्नपूर्णा."

पलीकडून, स्पीकर नसतानाही ऐकू येईल एवढं, "तू?"

"मी. दिवस खराब हाये हे तुमीच सांगतलं. तुमच्याच पंचांगातून मी चांगला दिवस काढला आन् परस्थान ठेवलं. त्याच दिवशी लेक निघाली. आज नाही निघाली ते, चार दिवस झाले. तुमच्या घरात निघालेल्या माणसाले कोणी माघारी बलावलं काय आजपर्यंत? मामंजी काशीले निघाले तवा मोठी जाऊ आजारी पडली, तरी बलावलं नव्हतं. तुमीच सांगत असता."

"पासपोट ठेवतेत काय परस्थानात?" कारभारीभाऊंचा आवाज चढला. "हे चालाखी हाये!"

"हाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हाये."

एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. मग, "मी कोकिळेले सांगतलं हाये. ते नाही देणार. ते माही लेक हाये."

अन्नपूर्णाबाईंनी फोन कोकिळेला परत केला. आणि पायऱ्या उतरून गल्लीत आल्या.

"आई!" अर्पिता किंचाळली. "हे काय करून राह्यली तू? माग ना तिले!"

"मी नाही मागत."

"आई, गाडी!"

"तिच्या दारी हाये, तिचं ते पाहीन." त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी हात पदरात गुंडाळले. "मी तिच्या बापाशी बोललो. तिच्याशी जबरदस्ती मी नाही करत. तिच्याशी बऱ्याच जणाईनं केली."

माझ्या हातात फोन वाजत होता, प्रज्वलचा. मी घेतला नाही.

कोकिळा दारात उभी. फोनमधून बाबा बोलत होते, शब्द कळत नव्हते, नुसता चढता-उतरता सूर. ती ऐकत होती. एकदा तिनं कोठीकडं पाहिलं. एकदा सासूकडं. जनकाबाईंनी सुपातली तूर एका बाजूला लोटली आणि तिच्याकडं न पाहता म्हणाल्या, "माह्या घरात दुसऱ्याचं परस्थान अडकून राह्यलं, असं मले नाही पाह्यजे. बाकी तुह्यं तू पाह्य."

"बाबा," कोकिळा फोनमध्ये म्हणाली, "परस्थान माह्या घरी हाये. अडवलं तर दोष मले लागन, तुमाले नाही लागत." तिनं फोन बंद केला, आणि बंद केलेल्या फोनकडं पाहतच राहिली.

"उचल व," ती अर्पिताला म्हणाली. "तुह्या हातानं."

अर्पिता चपलांसकट आत धावली.

"कुंकू!" जनकाबाई उठल्या. "अशी कशी जाते! दही आण कोकिळे!"

"आजी, गाडी आली असन..."

"दही खाल्ल्याबिगर नाही!"

अर्पितानं हातावरचं दही पळता पळता चाटलं. गाठ गाडीतच सोडली: तांदूळ सांडले, हळकुंड सीटखाली गेलं, आणि खणाच्या घडीत निळा पासपोर्ट. तिनं तो ब्लाउजमध्ये खुपसला आणि मलकापूर येईपर्यंत वरून हात काढला नाही.

*

स्टेशनचा पूल आम्ही कसा चढलो आठवत नाही. गाडी उभी होती. प्रज्वल दारात एक पाय आत, एक पाय फलाटावर ठेवून, "चढ बे! चढ! काय लग्नाले आली काय!" करत होता. काजलनं बॅग ओढून घेतली. गाडी हलली तेव्हा अर्पिता दाराच्या दांड्याला धरून होती. ती आईला काहीतरी सांगत होती. हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही.

"चटणी वर ठेवजो!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "दशम्या आधी खाजो!"

शेवटचा डबा गेला. फलाटावर पेरूवाल्या बाया आणि आम्ही दोघी उरलो. त्या बाकावर बसल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, पाणी प्या." प्यायल्या नाहीत. त्यांच्या कनवटीचा छोटा फोन वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता.

बाहेर दीपक टायरला पाय लावून उभा होता. "बसली?"

"बसली," मी म्हटलं.

"वा रे वा! चला काकू, आता आरामात. बुलडाण्याले चहा पिऊ, दिवेलागणीले घरी."

अन्नपूर्णाबाई पुढच्या सीटवर बसल्या. फोन काढून पाहिला.

"भासरे घरून निघाले म्हंतेत. याईचाच फोन होता." भासरे म्हणजे थोरले दीर, कारभारीभाऊ; फोन रंगरावांचा. "मोटरसायकल घेऊन निघाले."

"इकडं?" मी विचारलं.

"स्टेशनवर कायले येतीन? गाडी तर गेली." त्यांनी पदर खोचला. "मोताळ्याले चाल्ले. तिच्यापाशी."

दीपकनं चावी फिरवली पण गिअर टाकला नाही. "काकू, त्या बापलेकीच्या मधात आपण..."

"तिनं बापाचा फोन बंद केला. कोणासाठी केला?" त्या म्हणाल्या. "सासरी हाये ते. नवरा अजून घरी आला नसन. एकट्या सासूच्या भरवशावर सोडतो काय तिले?"

"आन् ते तुमच्याआधी पोचले तर?"

"म्हणून तं म्हंतो ना, बोलत नको बसू." त्यांनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा पकडला. "पळव."

दीपकनं माझ्याकडं आरशातून एकदा पाहिलं, आणि गाडी मोताळ्याच्या रस्त्याला घातली.